दोंदे म्हणजे दोन दे नव्हे

दाताच्या डॉक्टरला परकी भाषा शिकायची असेल, तर त्याने तिच्यातले फक्त प्रश्न शिकावेत, उत्तरांच्या भानगडीत पडूच नये! हा शोध आमच्या डॉक्टरांनी एका रविवारी दुपारी लावला आणि पानावरून उठायच्या आत बायकोला ऐकवलाही.

युक्तिवाद बिनतोड होता. पेशंट खुर्चीत बसतो, आ वासतो, त्याच्या तोंडात एक आरसा, एक नळी आणि कापसाचे दोन बोळे जातात, आणि मग डॉक्टर त्याला विचारतात, "काय, मुलं कशी आहेत?" अकरा वर्षांत या प्रश्नाला एकानेही धड उत्तर दिलेलं नव्हतं. ज्या खोलीत 'आँ' आणि 'ऊं' यापलीकडे काही ऐकूच येत नाही, तिथे उत्तरं शिकून करायचंय काय!

बायको शाळेत गणित शिकवायची. उत्तर कळणारच नसेल तर प्रश्न विचारायचा कशाला, एवढंच तिने वह्या तपासता तपासता विचारलं. डॉक्टरांना तिची कीव आली. धंद्यातली गोम बाहेरच्या माणसाला कळत नाही, असं म्हणून ते हात धुवायला गेले.

आता डॉक्टरांना या वयात स्पॅनिशचा पुळका का आला, ते सांगायला हवं. समोरच्या बाजूला एक नवा दवाखाना उघडला होता आणि त्यात माशांची काचेची पेटी होती. लोक मासे बघायला जात आणि जाताच आहोत तर दातही दाखवून येत. इकडे आमच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर धूळ बसू लागली. डॉक्टरांचा हात हलका, काम चोख, पण मासा एकही नाही. शेवटी मेव्हण्याने दया दाखवली. त्याची दंतमंजनाची कंपनी होती आणि दुकानादुकानांत उभं राहून मंजनाचं प्रात्यक्षिक दाखवायला त्याला माणूस हवा होता. काम सोपं होतं, फक्त ते करताना कापसाने भरलेला दाढेचा पोशाख घालायचा होता. मेव्हण्याने डॉक्टरांच्या कमरेचं माप घेऊन शिंप्याकडे पाठवलंसुद्धा.

अशात शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यात तीस कुटुंबं परदेशातून आली. सगळी स्पॅनिश बोलणारी. एवढ्या माणसांच्या दातांसाठी कारखाना एकच दवाखाना नेमणार होता, आणि कुठला ते ठरायचं होतं मुख्य अभियंत्यांच्या दुखऱ्या दाढेवरून. त्यांचं समाधान झालं की तीस घरांचे दात आपले. नाही झालं तर कापसाची दाढ. कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तो पोशाखच नाचत होता.

"मुख्य अभियंत्यांना पुढच्या सोमवारी दहाला पाठवतो," मॅनेजर म्हणाला. "त्यांना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नाही. पण तुम्ही काळजी करू नका, त्यांच्याबरोबर आम्ही..."

"काळजी कसली? भाषेचं माझ्यावर सोडा," असं म्हणून डॉक्टरांनी रुबाबात फोन ठेवला. आम्ही काय, हे त्या फोनमध्येच राहिलं.

संध्याकाळी त्यांनी एक पातळ पुस्तिका आणली. डाव्या रकान्यात नेहमीचे प्रश्न आणि त्यांचे अर्थ, उजव्या रकान्यात त्यांचे खुलासे आणि उत्तरं. उजवा रकाना त्यांनी नखाने दाबून घडी घालून मागे वळवला आणि आठ दिवस न्हाणीघरात तालीम केली. दोंदे म्हणजे कुठे. क्वांदो म्हणजे केव्हा. कोमो म्हणजे कसं. पोर के म्हणजे का. स्पॅनिश लोक लिहिताना प्रश्नाच्या आधीच एक उलटं प्रश्नचिन्ह काढतात, हे पाहून तर ते खूशच झाले. ते चिन्ह बोलतानाही दिसायला हवं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. म्हणून प्रत्येक प्रश्नाआधी ते मान खाली घालून कमरेत वाकत आणि प्रश्न संपता संपता सरळ होत. न्हाणीघरात दोनदा कपाळ नळावर आपटलं, पण विद्या म्हटली की एवढं चालायचंच.

एका माणसाला मात्र यातलं काही सांगायचं ते विसरले. ती म्हणजे त्यांची मावशी. अगदी सख्खी, आईची धाकटी बहीण. दवाखाना उघडला तेव्हा चार दिवस मदतीला म्हणून आली ती अकरा वर्षं तिथेच होती. दार ती उघडायची, अवजारं तीच उकळायची आणि खुर्चीपाशी उभी राहून हातात द्यायचीही तीच. "मावशी, आरसा दे. मावशी, बोळा दे. मावशी, चिमटा दे." अकरा वर्षांत तिचा कान असा तयार झाला होता की डॉक्टरांच्या तोंडून 'दे' आला की तिचा हात आपोआप अवजारांच्या ताटाकडे जायचा. बाकीच्या शब्दांकडे ती फारसं लक्ष देत नसे.

सोमवारी दहाच्या ठोक्याला दोघं जण आले. पुढे हातात फाइल घेतलेली, चटपटीत, चष्मेवाली बाई. मागे गालाला मफलर गुंडाळलेला एक धिप्पाड माणूस, जो आल्या आल्या दारापासून सर्वांत लांबची खुर्ची बघून तिच्यात अंग चोरून बसला. डॉक्टरांनी क्षणात ताडलं. बाई म्हणजे मुख्य अभियंता आणि तो धिप्पाड म्हणजे तिचा ड्रायव्हर. बाई मुख्य अभियंता असू शकते हे आपल्याला चटकन सुचलं, म्हणजे आपण किती पुढारलेले आहोत, याचं त्यांना मनातून कौतुकही वाटलं.

ते कमरेत वाकले. "कोमो एस्ता उस्तेद?" असं म्हणत सरळ झाले. म्हणजे, आपण कशा आहात?

बाईचा चेहरा फुलला. तिने आनंदाने जे स्पॅनिश सुरू केलं ते दोन मिनिटं थांबेचना. डॉक्टर हसतमुखाने मान डोलवत होते, पण मधले दोनच शब्द त्यांच्या हाती लागले. "सोय ला इंतेर्प्रेते," असं ती छातीवर हात ठेवून म्हणाली होती. सोय आणि प्रेते! म्हणजे आपल्या प्रेताची सोय काय, असं ही बाई विचारतेय! डॉक्टरांना गहिवरून आलं. एवढी शिकलेली बाई, पण दाढ काढायची म्हणजे मरणाची भीती.

वाचकहो, तुम्हाला म्हणून सांगून टाकतो. सोय म्हणजे 'मी आहे' आणि इंतेर्प्रेते म्हणजे दुभाषी. कारखान्याने बरोबर दिलेली ही दुभाषी बाई, आणि तिला आपली भाषा तुमच्या-माझ्याइतकी येत होती. पण समोरचा माणूस वाकून नमस्कार करत स्पॅनिश बोलतोय म्हटल्यावर आपली भाषा काढायचं तिला कारणच उरलं नाही. मुख्य अभियंता होता तो मफलरवाला. साठ यंत्रं एका नजरेत धाकात ठेवणारा हा गृहस्थ दाताच्या डॉक्टरला असा घाबरायचा की किती दुखेल ते आधी विचारून ये, म्हणून त्याने बाईला पुढे धाडलं होतं.

डॉक्टर तिला आत घेऊन गेले, वाकले आणि त्यांनी मुख्य प्रश्न विचारला. "दोंदे ले दुएले?" कुठे दुखतंय?

मावशीने ऐकलं, दोन दे. तिने दोन आरसे पुढे केले.

बाई गोंधळली. दुखतंय ते बाहेरच्या माणसाला, आणि हे वाकून आपल्याला काय विचारतायत? शिवाय तो उच्चार. तिने विचारलं, "कोमो?"

आता हा कोमो मोठा लबाड शब्द आहे. त्याचा अर्थ 'कसं' हे खरं, पण ऐकू आलं नाही तर आपण जसं "काय म्हणालात?" म्हणतो, तिथेही ते लोक कोमोच म्हणतात. हा खुलासा पुस्तिकेत होता, पण उजव्या रकान्यात, घडीच्या पलीकडे. डॉक्टरांना फक्त 'कसं' ठाऊक. पेशंट विचारतेय की दाढ कशी काढणार! उत्तराचे शब्द नव्हते, तेव्हा त्यांनी करून दाखवलं. पक्कड उचलली, हवेत एक अदृश्य दाढ पकडली, डावीकडे पिळली, उजवीकडे पिळली, पाय रोवून खेचली आणि ती ताटात पडल्याचा 'टण्' असा आवाजही तोंडाने काढला.

बाई मागे सरकली. सरकता सरकता खुर्चीची कड तिच्या गुडघ्यांमागे लागली आणि ती खुर्चीत जाऊन पडली. ओरडायला तिने तोंड उघडलं. बस्स! डॉक्टरांच्या दृष्टीने दवाखान्यात तोंड उघडण्याला एकच अर्थ होता. दोन्ही आरसे, नळी आणि कापसाचे बोळे क्षणार्धात आत गेले.

तिने हात हलवले, पाय झाडले, डोळे मोठे केले. डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. असली धडपड ते रोज बघत आले होते, निदान पेशंट येत होते तेव्हा रोज. ते तिच्या खांद्यावर थोपटून प्रेमाने पुढचा प्रश्न विचारायला वाकले. "देस्दे क्वांदो?" केव्हापासून?

मावशीचा ताटाकडे निघालेला हात वाटेतच थबकला. दे, दे, कांदो? अकरा वर्षांत याने कापूस मागितला, टाचणी मागितली, एकदा पाव मागितला, पण कांदा कधी नाही. तेवढ्यात डॉक्टर पुन्हा "दोंदे?" म्हणाले. म्हणजे कांदे दोन. परदेशी दाढेचा उपचारही परदेशी असणार, असं मनाशी म्हणत मावशी पदर खोचून माडीवर निघाली. डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या वरच होतं.

वाटेत बाहेरच्या खोलीत मफलरवाला उभा राहिला. बाईला आत जाऊन पंधरा मिनिटं झाली होती आणि आतून ऊं ऊं असे आवाज येत होते. त्याने काकुळतीने विचारलं, "दोंदे एस्ता ला इंतेर्प्रेते?" माझी दुभाषी कुठे आहे?

दोन दे, हे मावशीला कळलं. शेवटी प्रेते आली, तेही कळलं. ती जागच्या जागी थिजली. पण माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसत होतं, तेव्हा हा काही प्रेतं नेणारा वाटेना. दुखण्याने भ्रमिष्ट झाला असेल बिचारा. तिने त्याला दोन पेले पाणी दिलं आणि हाताला धरून खाली बसवलं. "बस रे बाळा," ती म्हणाली.

"पोर के?" त्याने विचारलं. का बसू, असं त्याला म्हणायचं होतं.

"पोरका आहेस?" मावशीच्या काळजात चर्र झालं. एवढा मोठा घोडा झालाय आणि तरी सांगतोय की मी पोरका! तिने त्याचं डोकं कुशीत घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या पहाडासारख्या माणसाला असं कुणी जवळ घेऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे. तो हुंदका देऊन शांत झाला. मावशीने मग मफलर सोडून त्याच्या गालाला ओलं फडकं लावलं आणि कांद्यांची आठवण झाल्यावरच ती उठली.

आत डॉक्टरांची पंचाईत झाली होती. बाईचे दात मोत्यासारखे निघाले. एवढ्या चांगल्या दातांना दुखायचं कारण काय? पण शोधलं की काहीतरी सापडतंच. मागच्या एका दाढेवर मोहरीएवढा काळा ठिपका मिळाला आणि डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. इथेच दुखत असणार! त्यांनी ठिपक्यापाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. बाईने सुटायचा एकच मोठा प्रयत्न केला, त्यात नळी निसटली आणि डॉक्टरांच्या चष्म्यावर कारंजं उडालं.

नेमक्या त्याच वेळी दार उघडलं. दारात बायको, हातात दोन सोललेले कांदे. सोमवारी शाळेला सुट्टी होती म्हणून ती घरी होती. तिच्यामागे मावशी आणि मावशीचा पदर धरून मफलरवाला.

बायकोने कांदे अवजारांच्या ताटात ठेवले आणि हे कशाला हवेत असं विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले की मी कांदे मागितलेच नाहीत. मावशी म्हणाली की दोनदा मागितलेस. एवढ्या वादात खुर्चीतल्या बाईने बोळे तोंडातून उपसून काढले आणि ती ताडकन उठून बसली.

"मी पेथंत नाहीये," ती अर्ध्या बधिर जिभेने म्हणाली. "मी दुभाथी आहे. पेथंत तो."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे, मग तिच्या बोटाकडे आणि बोटाच्या टोकाला असलेल्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. या गालाला आपण अर्ध्या तासापूर्वी ड्रायव्हर ठरवलं होतं! त्यांच्या कानांत शिंप्याच्या यंत्राची घरघर ऐकू येऊ लागली.

मुख्य अभियंत्यानेही पाहिलं. त्याची दुभाषी एका बाजूने लोंबलेला ओठ घेऊन बसलेली, डॉक्टरच्या तोंडावरून पाणी ओघळतंय आणि पकडीच्या शेजारी दोन कांदे. त्याने दुभाषीला काहीतरी विचारलं. ती जे उत्तर देऊ लागली ते तिची जीभ मानेना, नुसतंच 'थ' आणि 'फ' ऐकू येत राहिलं. तेवढं ऐकून त्याने मफलर गुंडाळला आणि तो रस्त्याच्या दिशेने निघाला. समोर माशांची पेटी सकाळच्या उन्हात लखलखत होती.

डॉक्टर धावत दारात आडवे झाले. त्यांना खरंच रडू फुटायच्या बेतात होतं. हा गेला की तीस घरं गेली, आणि परवापासून आपण कापसाच्या दाढेत. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्यांच्याकडे बोलण्यासारखे फक्त प्रश्न होते. ते कमरेत वाकले. "दों..."

बायको झटकन पुढे आली. तिने ताटातला कापसाचा बोळा उचलला आणि नवऱ्याच्या उघड्या तोंडात कोंबला. मग दुसराही कोंबला, आणि वरून मास्क बांधला. "आता हातांनी काय करायचं ते करा," ती म्हणाली.

मावशीने अभियंत्याचा हात धरला. "चल रे पोरा, बस. मी आहे ना इथे."

त्याला शब्द कळले नाहीत, पण तो बसला. बायकोने स्वतःच्या गालावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. त्याने डावीकडच्या खालच्या शेवटून दुसऱ्या दाढेवर बोट ठेवलं. प्रश्नही झाला आणि उत्तरही मिळालं. इतकं सोपं असेल असं डॉक्टरांना आठ दिवसांत वाटलं नव्हतं.

आणि मग तोंडात बोळे असलेल्या डॉक्टरांनी असं काम केलं, की बघत राहावं. भूल दिलेली समजली नाही, पक्कड लागलेली समजली नाही. पुरती सडलेली दाढ ताटात कांद्यांच्या शेजारी पडली तेव्हा अभियंता मावशीचा हात धरून अजून सुरुवात व्हायची वाट बघत होता. दाढ दाखवली तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. त्याने उठून मावशीला मिठी मारली, बायकोचा हात हलवला आणि डॉक्टरांपासून दोन पावलं लांब उभं राहून मान लववली. दुभाषी बाईच्या दाढेवरचा ठिपका डॉक्टरांनी भूल उतरायच्या आत भरूनही दिला. तिने नको म्हटलं असावं, पण ते कुणालाच नीट कळलं नाही.

पुढचे चार दिवस कारखान्याकडून काही कळलं नाही. मेव्हण्याचा निरोप आला की पोशाख शिवून तयार आहे, पाठीमागची चेन तेवढी बाकी आहे. डॉक्टर खिडकीत बसून समोरच्या माशांकडे बघत होते. आपल्याला काम येतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी आपल्याच तोंडाने आपण सगळ्याची वाट लावली, हे त्यांना फार लागलं होतं. मावशी दोनदा चहा ठेवून गेली, पण दोन्ही कप तसेच गार झाले.

पाचव्या दिवशी कारखान्याचं पत्र आलं. डॉक्टरांनी ते बायकोच्या हातात दिलं आणि तिने फोडून वाचलं. मुख्य अभियंत्यांच्या शिफारशीवरून तीसही कुटुंबांच्या दातांसाठी याच दवाखान्याची नेमणूक करण्यात येत आहे! मावशीने तिथल्या तिथे डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर खुर्चीतून उठले ते पुन्हा बसले, पुन्हा उठले.

खाली दोन अटी होत्या. पहिली अट, उपचाराच्या वेळी मावशी हजर असल्याच पाहिजेत. दुसरी वाचताना बायकोने चष्मा नीट केला आणि शिक्षिकेच्या स्वरात सावकाश वाचलं, "डॉक्टरांनी पेशंटला, दुभाषीला किंवा आवारातल्या अन्य कोणालाही, कोणत्याही भाषेत, एकही प्रश्न विचारू नये."

यावर हसावं की रडावं, हे डॉक्टरांना बायकोला विचारायचं होतं. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण हा प्रश्नच झाला असता, आणि घरही दवाखान्याच्या आवारातच येत होतं.